काचेचं बारसं

'लोएट्झ' या शब्दावर निदान एक वर्ष बंदी घालावी, असं माझं स्पष्ट मत झालंय. विकणाऱ्यांनी चिठ्ठीवर लिहायचा नाही, घेणाऱ्यांनी तोंडातून काढायचा नाही, आणि नुसता फोटो बघून "अरे, ही तर लोएट्झ!" म्हणणाऱ्यांनी तर वर्षभर मौनच धरायचं. मग बघू, किती फुलदाण्या बिननावाच्या उरतात ते. मला विचाराल तर ढीगभर. आणि उरल्या तर उरू देत की! बिघडलं कुठे?

ब्लॉगवरच्या नेहमीच्या मंडळींना माझं हे वेड माहीत आहे. पण हल्ली नात्यातले बरेच जण इथे डोकावतात (मावशी, तू कॉमेंट न टाकता वाचतेस हे मला कळलंय), म्हणून आधी थोडं विषयाबद्दल.

मोरकंठी लुगडं आठवतंय? एका बाजूनं निळं, जरा हललं की हिरवं, पदर वळला की जांभळ्याकडे झुकणारं. तसल्या रंगाची काच असते. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतात तसे रंग. त्याचं कारणही तेच, अतिशय पातळ थर. त्या थराच्या वरून आणि खालून परतणारा उजेड एकमेकांत मिसळतो आणि डोळ्यांना रंग दिसतात. जमिनीत शेकडो वर्षं पुरलेल्या रोमन बाटल्यांवर असा थर आपोआप चढतो, ओलाव्यानं काच झिजून. एकोणिसाव्या शतकात उत्खननांतून अशा बाटल्या निघाल्या, श्रीमंतांना त्या आवडल्या, आणि कारखानदारांना वाटलं की जे जमिनीला शेकडो वर्षांत जमतं ते आपण भट्टीत करून दाखवू. १८७३ च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनात लोबमायर कंपनीनं अशी झळाळीची काच मांडली. १८७७ मध्ये इंग्लंडात थॉमस वेबनं पेटंट घेतलं. कृती सांगायला सोपी आहे. काच गरम असतानाच तिच्यावर धातूच्या क्षारांची वाफ सोडायची, बहुतेक वेळा कथिलाच्या क्लोराइडची. करायला अर्थातच महाकठीण. वाफ कमी पडली तर रंग नाही, जास्त झाली तर काच राखेसारखी मळकट.

आता गंमत बघा. ही कृती कुणा एकाची गुपित मिरासदारी कधीच नव्हती. १९०० च्या सुमारास बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, आणि अमेरिकेत अनेक कारखान्यांना ती येत होती. कारागीर एक भट्टी सोडून दुसरीकडे जात. एकाची नक्षी खपली की वर्षभरात शेजाऱ्याकडे तसलीच दिसे. तरीही आज माणसं फुलदाणी उजेडात धरतात, रंग बघतात, डोळे मिटून मान डोलावतात आणि नाव ठेवून मोकळी होतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पाळण्यातल्या बाळाचे डोळे घारे दिसले म्हणून ते कोकणस्थांचं असं ठरवण्यासारखंच आहे हे.

बरं, हा लोएट्झ कोण? शुमावाच्या डोंगरात क्लाश्टेर्स्की म्लीन नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या कारखान्याचं पूर्ण नाव होतं 'योहान लोएट्झ विटवे', म्हणजे 'योहान लोएट्झची विधवा'. ही बाई म्हणजे सुझाना. नवरा गेल्यावर तिनं पुन्हा लग्न केलं, गेर्स्टनर झाली, पण कारखान्यावर पहिल्या नवऱ्याचंच नाव राहिलं. १८७९ मध्ये तिचा नातू मॅक्स फॉन श्पाऊन यानं कारभार हाती घेतला आणि त्याच्या काळात कारखान्याची भरभराट झाली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांना ग्रां प्री मिळालं. गरम काचेवर चांदी मिसळलेल्या काचेचे धागे गुंडाळून, आकड्यानं ओढून लाटा काढायच्या, ही त्यांची 'फेनोमेन' म्हणून ओळखली जाणारी नक्षी आजही बघणाऱ्याला खिळवून ठेवते. म्हणजे ज्याच्या नावानं ही सगळी काच जगभर विकली जाते, त्या योहान लोएट्झनं यातली एकही फुलदाणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. तो केव्हाच वारला होता. फुंकणीवर गाल फुगवून ती करणाऱ्या माणसांची नावं तर कुठल्या चिठ्ठीवर कधी आलीच नाहीत. नावाचा एवढा सोस असणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

त्याच शुमावात लेनोरा गावी दुसरा कारखाना होता, विल्हेल्म क्रालिक झोन. तिकडे उत्तरेला टेप्लित्सेजवळ कोश्त्यानीला योसेफ रिंड्सकॉप्फचा कारखाना, आणि पाल्मे-क्योनिग कंपनीही तिथलीच. ही किरकोळ दुकानं नव्हेत. मोठे कारखाने, शेकडो आकार, जगभर निर्यात. यांनीही मोरकंठी काच केली, भरपूर केली, आणि यातल्या बहुतेकांनी तळाशी काही खूण ठेवली नाही. लोएट्झनंही बहुतांश मालावर सही केलीच नाही. 'लोएट्झ ऑस्ट्रिया' अशी कोरीव सही दिसते ती मुख्यतः परदेशी, त्यातही अमेरिकेला पाठवलेल्या मालावर. म्हणजे घराला पाटी नाही, शेजारच्या घरालाही नाही, दोन्ही घरांची दारं-खिडक्या सारख्या, आणि पोस्टमन मात्र छातीठोकपणे सगळी पत्रं एकाच घरात टाकतोय.

गेली कित्येक दशकं हेच चाललंय. जे सुंदर ते लोएट्झ. जरा कमी सुंदर, तर 'लोएट्झचं स्वस्तातलं काम'. काचेवर काचेचेच धागे जाळ्यासारखे गुंडाळलेले असले की पाल्मे-क्योनिग. हा तर इतका पाठ झालेला नियम होता की पुस्तकांतही तसंच छापलं जाई. पुढे काही हौशी आणि काही पंडित माणसांनी आकार, तळ, जुने कॅटलॉग एकमेकांशी ताडून बघितले, तेव्हा कळलं की त्या जाळीच्या कामातला चांगला मोठा वाटा क्रालिकचा आहे. लोएट्झ म्हणून मिरवलेल्या कितीतरी फुलदाण्या क्रालिकच्या आणि रिंड्सकॉप्फच्या निघाल्या. हे आता विषयातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरी चिठ्ठ्या बदलल्या का? छे! क्रालिक लिहिलं तर किंमत उतरते ना.

माझी खरी तक्रार इथे आहे. चूक होणं मी समजू शकते. पण ही चूक नेहमी एकाच दिशेनं होते, वरच्या दिशेनं. क्रालिकची फुलदाणी लोएट्झ म्हणून विकली जाते, लोएट्झची टिफनी म्हणून. टिफनीच्या फुलदाणीला कुणी घाईघाईनं क्रालिक म्हटल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. अज्ञानातून झालेल्या चुका चारी दिशांना विखुरल्या असत्या.

आता सहीकडे वळू. कारण तुम्ही म्हणाल, "बाई, सही असेल तर प्रश्नच मिटला!" प्रश्न तिथेच तर सुरू होतो.

लुई कम्फर्ट टिफनीनं न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सच्या कोरोना भागात १८९३ मध्ये भट्ट्या घातल्या आणि १८९४ मध्ये 'फॅव्हरिल' हे नाव नोंदवलं. त्याच्या काचेवर 'एल.सी.टी.' किंवा पूर्ण नाव कोरलेलं सापडतं, सोबत आकडे आणि अक्षरं. त्याच्याकडून बाहेर पडलेल्या मार्टिन बाख आणि थॉमस जॉन्सन यांनी १९०१ मध्ये क्वीन्समध्येच क्वेझल नावाचा कारखाना काढला. त्यांची काच टिफनीच्या इतकी जवळची की चुलत भावंडं शोभावीत. आता विचार करा. बाजारात बिनसहीची क्वेझल आहे, बिनसहीची लोएट्झ आहे, आणि टिफनीचा भाव त्यांच्याहून कितीतरी वरचा. कोरायला लागतं काय? हिऱ्याच्या टोकाची एक लेखणी, किंवा दाताच्या डॉक्टरकडे असतं तसलं फिरतं यंत्र. पाच मिनिटांचं काम. ज्या पुराव्याला आपण सगळ्यात पक्का मानतो तोच तयार करायला सगळ्यात सोपा आहे. फुलदाणीचा आकार खोटा करायला भट्टी पेटवावी लागते, सहीला नुसता हात लागतो.

फ्रेडरिक कार्डरचं उदाहरण याहून मजेशीर. हा स्टूबेनचा कर्ता माणूस. १९०४ मध्ये त्यानं 'ऑरीन' ही सोनेरी-निळी झळाळीची काच आणली. कार्डर जन्मला १८६३ मध्ये आणि गेला १९६३ मध्ये, चांगला शतायुषी. म्हातारपणी लोक आपल्याकडच्या जुन्या फुलदाण्या घेऊन त्याच्याकडे जात आणि तो प्रेमानं त्यावर सही कोरून देई. म्हणजे सही अस्सल, हात अस्सल, आणि तरीही काच झाल्यावर काही दशकांनी केलेली. सांगा, ती सही कशाचा पुरावा? कार्डरनं ती फुलदाणी त्या दिवशी हातात धरली होती, एवढ्याचाच.

नात्यातल्या एका काकूंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव घालू नको म्हणाल्या. काका इंजिनिअर. सबंध आयुष्यात त्यांनी स्वतःच्या हौसेसाठी एकच महागडी वस्तू घेतली, एक वीतभराहून थोडी उंच फुलदाणी. सोनेरी अंगावर रुपेरी-निळ्या लाटा. तळाशी 'एल.सी.टी.' कोरलेलं. दुकानदारानं टिफनी म्हणून प्रमाणपत्र लिहून दिलं होतं, ते काकांनी विम्याच्या कागदांबरोबर जपून ठेवलं. काका गेले. काकूंनी घर लहान करायचं ठरवलं आणि फुलदाणी लिलाववाल्यांकडे नेली. त्यांनी भिंग लावलं, दोन मिनिटांत सांगितलं की सही खोटी आहे, आणि वस्तू परत केली. काकूंना वाटलं, नवरा आयुष्यभर फसला. त्या फुलदाणीकडे बघवेना त्यांना. मुलगा म्हणाला, देऊन टाकू दानाच्या दुकानात.

मी ती मागून घेतली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून नीट बघितली. सही खोटी होती यात शंका नव्हती. जुनी काच वर्षानुवर्षं लाकडावर, दगडावर सरकून तळाला बारीक चरे पडतात. सही मूळची असेल तर ते चरे तिच्या अक्षरांवरूनही गेलेले दिसायला हवेत. इथे अक्षरंच चऱ्यांवरून गेली होती, कडा पांढऱ्या आणि ताज्या. पण फुलदाणी? तळाशी जिथून सळई तोडून काढतात ती जागा घासून गुळगुळीत केलेली. लाटांची नक्षी ओढलेली, रंगवलेली नव्हे. मग आकार, उंची आणि तोंडाची रुंदी मोजून लोएट्झच्या नमुन्यांशी ताडली. हा कारखाना प्रत्येक आकाराच्या बाह्यरेषेचे कागदी नमुने ठेवत असे, त्यावर क्रमांक असत. त्यातले बरेच वाचले आणि १९८९ मध्ये जर्मनीत दोन खंडांचा ग्रंथ निघाला, त्याचा दुसरा खंड म्हणजे या नमुन्यांची यादीच आहे. काकूंच्या फुलदाणीची रेषा त्यातल्या एका नमुन्याशी जुळली, मापं जुळली, नक्षीही त्यांच्या माहीत असलेल्या नक्षींपैकी निघाली. पुढे एका जाणकारानं प्रत्यक्ष हातात घेऊन तेच सांगितलं.

म्हणजे काय झालं बघा. काकांनी घेतलेली वस्तू उत्तम होती. त्यांची नजर खरी होती. कुणीतरी तिच्यावर दुसऱ्याचं मोठं नाव कोरलं, आणि त्या नावापायी ती खोटी ठरून कचऱ्यात जाता जाता वाचली. नाव लावताना तिच्या अंगात काही भर पडली नाही, पण तिची स्वतःची ओळख मात्र गेली. काकूंनी विचारलं, ती सही घासून काढू का? मी नको म्हटलं. आधीच एकदा कुणीतरी तिच्यावर हत्यार चालवलंय, पुन्हा कशाला. आता फुलदाणी काकूंच्या नव्या घरात खिडकीत आहे. विकायचा विचार त्यांनी सोडला.

आणि हेच मी बंदीच्या बाबतीत म्हणतेय. कुणी विचारेल, मग तू ही लोएट्झ म्हणालीस ते कसं चाललं? कारण तिथे तीन वेगवेगळे साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते. आकार, माप आणि नक्षी. त्यातला एकच बोलला असता तर मी गप्प बसले असते. हे नमुनेही अपुरे आहेत, सगळे वाचलेले नाहीत, म्हणून नमुना सापडला नाही म्हणजे लोएट्झ नाहीच असंही म्हणता येत नाही. आणि क्रालिक, रिंड्सकॉप्फ यांची कागदपत्रं तर त्याहून विरळ. याला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५-४६ मध्ये, त्या भागातल्या जर्मनभाषक लोकांना देशाबाहेर घालवण्यात आलं. यातल्या बऱ्याच कारखान्यांचे मालक आणि कारागीर तेच होते. लोएट्झचा कारखाना १९४७ मध्ये कायमचा बंद झाला. माणसं गेली, वह्या विखुरल्या, आठवणी परक्या गावांत जाऊन विरल्या. मागे राहिली ती काच. आता त्या कारखान्यांच्या बाजूनं साक्ष द्यायला काचेशिवाय कुणी नाही, आणि आपण त्या एकुलत्या साक्षीदाराच्याच तोंडात दुसऱ्याचं नाव घालतोय!

देशाच्या नावाचंही असंच. अमेरिकेत १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव हवं असा कायदा आला. पण ते कागदी चिकटपट्टीवर असलं तरी चाले, आणि कागद पहिल्याच धुण्यात निघून जातो. म्हणून खूण नसली तर काही सिद्ध होत नाही. खूण असली तर मात्र वाचावी तरी! इथे जर्सीतल्या एका जुन्या वस्तूंच्या बाजारात मी एक फुलदाणी पाहिली. चिठ्ठीवर 'लोएट्झ, सन १९००', तळाशी ठसा 'चेकोस्लोव्हाकिया'. तो देश जन्माला आला १९१८ मध्ये. दुकानवाल्या आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग 'सुमारे १९००' लिहितो." :)

काही जण हल्ली खिशात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घेऊन फिरतात. काच हिरवी चमकली की "बघा, युरेनियम!" अहो, असेल युरेनियम. बोहेमियात ते एकोणिसाव्या शतकापासून अनेक जण वापरत होते. मिठावरून कुणाच्या घरची आमटी ते ओळखतं का कोणी?

फोन ही नवी पीडा. फोनला फोटो दाखवला की तो सारख्या दिसणाऱ्या वस्तू समोर आणतो, आणि त्यांच्याखाली लिहिलेलं नाव आपण उत्तर म्हणून घेतो. पण ती नावं लिहिली कुणी? विकणाऱ्यांनीच. दहा जणांनी क्रालिकला लोएट्झ लिहिलं की अकराव्याला फोन लोएट्झच सांगणार, मग अकरावाही तेच लिहिणार. गावगप्पा पूर्वी पारावर होत, तेव्हा निदान सांगणाऱ्याचं तोंड तरी दिसायचं.

एका मित्राचा आक्षेप आहे, आणि तो मला बरेच दिवस छळत होता. तो म्हणतो, "काच सुंदर आहे ना? मग कुणी केली याची उठाठेव कशाला? तूच म्हणतेस नावात काही नाही." मी तसं म्हणत नाहीये. नावात खूप काही आहे, म्हणून तर ते फुकट वाटू नये. रिंड्सकॉप्फच्या काचेवर कधी कधी गुलाबी-हिरव्याची अशी छटा येते की शिंपल्याच्या आतल्या बाजूची आठवण व्हावी. ती लोएट्झची 'जरा फसलेली' फुलदाणी म्हणून बघितली की फसलेलीच दिसते. रिंड्सकॉप्फची म्हणून बघा, की त्या माणसांना काय हवं होतं ते दिसायला लागतं. त्यांना लोएट्झ व्हायचं नव्हतं. त्यांना मध्यमवर्गीय घरात परवडेल अशी, पण दिवाणखान्यात उठून दिसेल अशी वस्तू करायची होती, आणि ती त्यांनी झकास केली. कुणाचं तरी मोठं नाव लावून आपण त्यांना कायमचे दुय्यम करून ठेवतो.

आपल्याला हे काही नवीन नाही म्हणा. आपल्याकडे वाड्यातला प्रत्येक जुना आरसा आणि प्रत्येक झुंबर 'बेल्जियमचं' असतं. बेल्जियममध्ये उत्तम काच होत होती, नाकारत नाही. पण हिंदुस्थानातल्या दरबारांना झुंबरं पुरवणाऱ्यांत बर्मिंगहॅमचे ऑस्लर अग्रेसर होते, त्यांची कलकत्त्याला पेढी होती, आणि बोहेमियाचा मालही बक्कळ येई. मग सगळं बेल्जियम कसं? कारण 'बेल्जियम' म्हटलं की पाहुणा मान वर करतो.

आणि ज्या काचेवर खरोखर आपल्या देशाचा हक्क आहे तिचं काय? फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सनं झळाळीची साचेकाम केलेली काच केली. अमेरिकेत जिला पुढे 'कार्निव्हल' हे नाव पडलं, त्या जातीची. फेंटन कंपनीनं १९०७ मध्ये तिथे ती सुरू केली होती, आणि जत्रेत बक्षीस म्हणून वाटली जायची म्हणून कित्येक वर्षांनी तिला ते नाव चिकटलं. त्यातला केशरी-पिवळा रंग संग्राहक 'मॅरिगोल्ड' म्हणून ओळखतात, म्हणजे आपला दसऱ्याचा झेंडू. जैनची माशाच्या आकाराची फुलदाणी आहे, हत्तीची आहे, हाताच्या पंजाची आहे. काही ग्लासांच्या तळाशी रोमन लिपीत 'जैन' असा ठसा आहे, काचेतच उठवलेला, साच्यातून आलेला. असा ठसा मागाहून कोरता येत नाही, म्हणून तो मला कोरीव सहीपेक्षा शंभर पटींनी प्रिय. परदेशातले संग्राहक आता या वस्तू हौसेनं शोधतात. आणि इथल्याच एका दुकानात मी तो झेंडूचा ग्लास अमेरिकन कंपनीच्या नावाखाली उभा असलेला पाहिला. उलटा करून ठसा दाखवला तर बाई म्हणाल्या, "ते गिऱ्हाइकाचं नाव असेल." फिरोजाबादच्या भट्टीपुढे उभं राहून ज्यानं तो साच्यातून काढला, त्याच्या वाट्याला एवढंच. मी घेतला तो. नवऱ्यानं विचारलं, आणखी एक? म्हटलं, हा माहेरचा आहे.

तर माझं म्हणणं एवढंच की 'माहीत नाही' हे उत्तर लिहायला शिकूया. माझ्या कपाटातल्या सतरा फुलदाण्यांपैकी अकरांच्या चिठ्ठीवर 'बोहेमिया, १९०० च्या आसपास, कारखाना अज्ञात' असं लिहिलंय. दोनांवर 'बहुधा क्रालिक', पुढे कारण. कारण लिहिल्याशिवाय 'बहुधा' लिहायचं नाही, हा घरचा नियम. म्हणजे माझ्या पश्चात कुणी उघडून बघेल तेव्हा त्याला माझं मत खोडता येईल. दुकानदारांनो, तुम्हीही 'लोएट्झ?' असं प्रश्नचिन्ह टाकून हात झटकू नका. ते प्रश्नचिन्ह गिऱ्हाइकाला दिसत नाही, लोएट्झ दिसतं.

आणि नातेवाईकांनो, मला फोटो पाठवताना दिवाणखान्यातला, शेजारी गणपती आणि मागे पडदा असलेला एकच फोटो पाठवू नका. उंची सेंटिमीटरमध्ये. तोंडाची आणि तळाची रुंदी. तळाचा फोटो, दिवसा, खिडकीपाशी, फ्लॅश न लावता. आतून बघितल्यावर काचेचा रंग कोणता दिसतो ते. कुठून आली, केव्हा, कुणाकडून, आठवेल तेवढं, आणि सांगितलेलं वेगळं, पाहिलेलं वेगळं असं लिहून. कुठलाही पॉलिश लावू नका. भांडी घासायच्या काथ्यानं तर अजिबात नको, तो मोरकंठी थर केसाहूनही पातळ असतो. मावशी, तुझ्या त्या हिरव्या फुलदाणीचा तळ अजून आलेला नाही.